समासातील शंका

विधिमहाविद्यालयात आम्ही वर्षानुवर्षे शिकविले. लिहिले काय, असे कोणी विचारल्यास मात्र वेळेची सबब सांगत आलो. परवा पांडुरंग वामन काणे यांचा ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ पुन्हा चाळला आणि ती सबब लंगडी पडली. मुंबईच्या शासकीय विधिमहाविद्यालयात अध्यापन केलेले काणे हायकोर्टात वकिलीही करीत. ‘व्यवहारमयूखा’च्या प्रस्तावनेत धर्मशास्त्राचा थोडा इतिहास द्यावा, एवढाच त्यांचा मूळ बेत! त्यातून पाच खंड उभे राहिले. पहिला १९३० साली निघाला, पाचवा १९६२ साली पुरा झाला.

आमच्या टिपणवहीच्या समासात एका विद्यार्थ्याची शंका वीस वर्षे तशीच पडून आहे. दरसाल ते पान आम्ही उलटले. वेळ अपुरा नव्हता; ती शंका आम्हांस पुरेशी बोचली नाही, हेच खरे.