गिरिपुष्पाखालची माती

एप्रिल सरत आला की बेंगळुरूभोवतीच्या कोरडवाहू रानातली तांबडी माती विटेसारखी टणक होते. बांधावरच्या गिरिपुष्पाखाली मात्र ती काळपट, भुसभुशीत असते. छाटून छाटून या झाडांना कुणी झुडपापुढे वाढू दिलेलं नसतं. पण त्यांनी वर्षानुवर्षं गाळलेला पाला तिथेच मुरलेला असतो. चार पावलांवर नाचणीचं उघडं वावर. तिथे ओंजळभर मातीही सहज सुटत नाही.

ही श्रीमंती नत्राची. ती कुठून येते हे पाहायचं तर पावसाळ्यात गिरिपुष्पाच्याच शेंगाधारी गोतावळ्यातल्या तुरीचं रोप मुळासकट अलगद उपसावं. मुळांना चिकटलेली बारकी गाठ नखाने फोडली की आत चक्क गुलाबी रंग. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं हे भावंड. गाठीतले जिवाणू हवेतलं नत्र बांधतात, पण ज्या विकराने बांधतात ते ऑक्सिजनने बिघडतं. म्हणून हा गुलाबी पदार्थ त्यांना ऑक्सिजन बेताबेताने पुरवतो. गाठ आतून हिरवट निघाली, तर तिचं काम संपलं म्हणायचं. (शेंगा धरणारं प्रत्येक झुडूप असं राबतं असंही नाही. माळावर पिवळाधमक फुलणारा तरवड याच गोतावळ्यातला, पण त्याच्या मुळांना गाठीच नसतात. त्याच्यावर माझा राग नाही. फुलतो तेवढं पुष्कळ.) हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी 1888 पर्यंत गाठींचं हे कोडं उलगडलं. तुरीचा बेवड चांगला, हे आपल्या शेतकऱ्याला त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

मग वळीव येतो. वास सुटतो, आपण खिडकीशी जातो. त्याच वेळी त्या काळ्या मातीत महिनोन्‌महिने निपचित पडलेले सूक्ष्मजीव जागे होऊन पाल्यावर तुटून पडतात आणि मातीतून कार्बन डायऑक्साइडचा लोट उठतो. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या बर्च या संशोधकाने 1958 साली हे नीट मांडलं. शास्त्रज्ञ आजही त्याच्याच नावाने ते ओळखतात. पाल्यातलं नत्र अमोनियम होतं, त्याचं नायट्रेट, आणि पाण्याने भरलेल्या पोकळ्यांत हवा पोचेनाशी झाली की त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन निसटतो. दात काढताना हुंगवतात तोच हा वायू. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या 273 किलोंइतकी धग धरतो.

म्हणजे जिथे माती सुपीक, तिथेच ती जास्त सुस्कारते. म्हणून झुडपाला आरोपी करायचं? मला ते पटत नाही. नत्र बांधण्याच्या क्रियेतूनच हा वायू निघतो याला पुरेसा पुरावा नाही, म्हणून हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीने 2006 च्या नियमावलीत ती बाब थेट स्रोतांतून वगळली. मोजायचा तो कुजणारा पाला. 2019 च्या सुधारणेनुसार कोरड्या हवामानात जमिनीत पडलेल्या शंभर किलो नत्रामागे सरासरी अर्धा किलो नत्र या वायूच्या रूपाने जातं. उष्ण प्रदेशात कोरडं म्हणजे वर्षाला हजार मिलिमीटरच्या आतला पाऊस. बेंगळुरूची सरासरी हजाराच्या आसपासच! आणि पाल्याऐवजी टाकायचा पोत्यातला युरिया तर जमिनीत पडण्याआधीच कारखान्यात इंधन जाळून आलेला असतो.

खरी मेख वेळेची आहे. नत्र सुटतं तेव्हा ते ओढून घ्यायला मुळं हजर हवीत. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची जुनी शिफारस आहे, नाचणीच्या आठ ओळींमागे तुरीच्या दोन. नाचणीची तंतुमुळं अशा वेळी कामी येतात. पाल्यासोबत नाचणीचं काड मिसळलं, तर सूक्ष्मजीव ते कुजवताना नत्र स्वतःतच अडकवून ठेवतात. वळवात मात्र शेत उघडंच असतं, पेरणी व्हायचीच असते.

आणि मातीतून निसटणारा हा नायट्रस ऑक्साइड मोजणंही सोपं नाही. जमिनीवर बंद डबा दाबून बसवायचा, ठरावीक मिनिटांनी सिरिंजने हवा काढायची, प्रयोगशाळेत तपासायची. दर सोमवारी सकाळी असं मोजणाऱ्याच्या हाती बहुधा शांत मातीच लागते. वळीव शनिवारी रात्री अकराला कोसळतो, आणि खरा आकडा हवा असेल तर तेव्हाच टॉर्च घेऊन चिखलातून बांधावर पोचावं लागतं.