सावधान!

जालना जिल्ह्यात मुलीचे लग्न काढणाऱ्या बापाला एका शब्दाचे भय वाटले, तर त्यास हसू नये. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ साली जन्मलेला नारायण ठोसर बाराव्या वर्षी बोहल्यावर उभा राहिला आणि ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच पळाला तो थेट नाशिकला पोचला, असे परंपरा सांगते. हा प्रसंग वर्गात मी तीस वर्षे रंगवून सांगितला. मागे राहिलेल्या वधूपित्याचे काय झाले, हे एकाही विद्यार्थ्याने विचारले नाही. मलाही कधी सुचले नाही.

सीमांतपूजनाच्या वेळी जावईबापूंना मी गंभीरपणे बजावले, “इथल्या मातीत जरा पाय रोवून उभे राहा हं!” ते हसले. विहीणबाई हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टके म्हणणाऱ्या मावश्या काही आटोपत्या घेईनात. प्रत्येक कडव्याअंती ‘सावधान’ येई आणि आमची मंडळी नवरदेवाच्या पायांकडे पाही! शेवटी अक्षता पडल्या, वाजंत्री कडाडली, आणि कन्यादानासाठी गुरुजींनी वधूपित्याचा पुकारा केला. वधूपिता जागेवर नव्हता.

मुलीच्या मामाने मला स्वयंपाकाच्या मांडवात गाठले. मी चष्मा पुसत होतो. आचारी अनुभवी असावा. त्याने काही न विचारता चिरलेल्या कांद्याची परात माझ्यापुढे सरकवली.

“कांदा फार झोंबतो,” मी म्हणालो.

“होय दाजी,” मामा म्हणाला, “पण चला आता. नवरदेव अजून जागेवरच आहेत.”