पणजीचं माहेरचं नाव

पोस्ट जरा मोठी आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या महिन्यात लेकीला शाळेत प्रोजेक्ट मिळालं. न्यूझीलंडच्या एका पक्ष्याचा फॅमिली ट्री काढायचा आणि त्याच्या शेजारी आपल्या घराचा. तिने अर्थातच किवी घेतला. मी सीए, जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीला संपला. तरी म्हटलं, सोपं आहे. किवीला उडता येत नाही, सहाशे वर्षांपूर्वी संपलेल्या मोआलाही येत नव्हतं. दोघं इथलेच, म्हणजे चुलत भावंडं. लिहून टाक.

"आई, ऑफिसमध्येपण तू असंच लिहून टाकतेस?"

झालं. मग आम्ही दोघी वाचायला बसलो.

पेशीत ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया असतात, एवढं शाळेतलं आठवत होतं. त्यांचा स्वतःचा वेगळा छोटासा डीएनए असतो, हे नव्हतं आठवत. पक्ष्यांमध्ये तो साधारण १६-१७ हजार अक्षरांचा असतो आणि त्यात ३७ जनुकं असतात. केंद्रकातला डीएनए शंभर कोटींहून जास्त अक्षरांचा. तो म्हणजे कंपनीचं सगळं दप्तर, आणि हा एक बारकी वही. पण केंद्रकातल्या दप्तराच्या पेशीत दोनच प्रती असतात, या वहीच्या शेकडो-हजारो. म्हणून शेकडो वर्षांच्या हाडातही ती सापडायची शक्यता जास्त. आणि ही वही आईकडूनच पिल्लाला मिळते.

हाडाची थोडी पूड करतात, त्यातून डीएनएचे तुटके तुकडे काढतात, ते पुन्हा पुन्हा वाचतात आणि टोकाला टोक जुळवून अख्खी वही लावतात. मग ती दुसऱ्या पक्ष्यांच्या वह्यांशी अक्षर-अक्षर ताडून बघतात. इथे मला एकदम माझं आर्टिकलशिपचं वर्ष आठवलं. दोन शाखांच्या खतावणीत अगदी तीच चूक दिसली, की आमचे सर म्हणायचे, "दोघांनी एकाच कागदावरून उतरवलंय." पक्ष्यांचंही तसंच. पिढ्यान् पिढ्या नक्कल होताना अक्षरं कुठे कुठे बदलतात. जे बदल दोघांमध्ये सारखे, ते बहुधा एकाच आजीकडून आलेले.

आता किवीची गंमत. १९९२ मध्ये अॅलन कूपर या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या वहीचा एक छोटा भाग वाचला. किवी मोआचा जवळचा नातेवाईक निघालाच नाही. तो ऑस्ट्रेलियाच्या एमू आणि कॅसोवरीच्या जास्त जवळचा दिसला. (माझं 'चुलत भावंडं' तिथेच खोडलं गेलं.) २००१ मध्ये दोन मोआंच्या अख्ख्या वह्या वाचल्या गेल्या. त्यातही किवी ऑस्ट्रेलियाच्याच बाजूला. न्यूझीलंडचा राष्ट्रीय पक्षी शेजाऱ्यांचा! इथे राहणाऱ्यांना कळेल हे किती झोंबलं असेल.

पण हिशेबात एक वही कमी होती. मादागास्करचा हत्तीपक्षी. तीन मीटरपर्यंत उंच, अडीचशे किलोंहून जास्त वजनाचा, आणि केव्हाच नामशेष झालेला. त्याची हाडं आमच्या वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयाच्या साठ्यात होती. त्यांतून काढलेली वही २०१४ मध्ये जुळवली, आणि कोंबडीएवढ्या किवीचा सगळ्यात जवळचा नातेवाईक हा हत्तीपक्षी निघाला. दोन्ही भूभाग दूर झाल्यानंतर खूप काळाने या दोन शाखा फुटल्या, म्हणजे चालत जाणं शक्यच नव्हतं. त्यांचे पूर्वज उडत गेले आणि आपापल्या जागी उडणं विसरले. मोआचा जवळचा नातेवाईक कोण, तर दक्षिण अमेरिकेतला टिनामू, जो अजूनही उडतो. पुढे केंद्रकातल्या डीएनएनेही किवी-हत्तीपक्षी नात्याला दुजोरा दिला. दोन वेगवेगळ्या वह्यांचा ताळा जुळला, की मला बरं वाटतं. आणि आधीचा निष्कर्ष दुरुस्त करणाऱ्यांमध्ये कूपर स्वतः होता, याचं तर मला फारच कौतुक वाटलं. आपलीच जुनी नोंद आपणच दुरुस्त करणारे लोक माझ्या धंद्यात फार बघितले नाहीत.

मग आमच्या घराची पाळी आली. सासरचा कुलवृत्तांत कपाटात आहेच, जाडजूड. नवऱ्याच्या दहा-बारा पिढ्या पटापट निघाल्या. लेक म्हणाली, "पण किवीचं आईच्या लाइनने केलंय, तर आपलंपण तसंच करू या."

ती, मी, माझी आई, आजी. पुढे पेन थांबलं.

सांगलीला आईला फोन लावला. "आई, तुझ्या आजीचं नाव काय गं?"

"सगळे बाईच म्हणायचे. लग्नात लक्ष्मी ठेवलेलं."

"आणि माहेरचं?"

आई गप्प. मग म्हणाली, "कधी कुणी विचारलंच नाही गं."

वीस वर्षं मी दुसऱ्यांची खाती तपासतेय. व्हाउचर नसलं की क्लाएंटच्या नाकी नऊ आणते. आणि माझ्या स्वतःच्या आईकडच्या ओळीत चौथ्याच नोंदीला पुरावा नाही.

तीन दिवसांनी पहाटे साडेतीनला फोन वाजला. मंडळी, परदेशात पहाटेचा फोन म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. आईचं नाव बघून हात कापायला लागले.

"ठकू!" आई ओरडून सांगत होती. "बाईचं माहेरचं नाव ठकू! मिरजेच्या मावशीला आठवलं. अगं, तुझ्याकडे किती वाजलेत?"

मी रडत होते की हसत होते, माहीत नाही. त्या मावशीचं वय ८९ आहे. आणखी दोन-चार वर्षांनी हा प्रश्न विचारायला कुणी उरलंच नसतं.

ठकूची वही माझ्यात आहे आणि लेकीत आहे, जवळजवळ जशीच्या तशी. ती मी काही न करताही पुढे गेली. पण त्या १६-१७ हजार अक्षरांत 'ठकू' ही दोन अक्षरं कुठेही नाहीत. ती विचारूनच मिळतात.

लेकीने चार्टवर पाच नावं लिहिली, सगळी माहेरची. वर एक रिकामी चौकट ठेवली आहे, ठकूच्या आईसाठी. मावशीला पुन्हा विचारायचं आहे.

या रविवारी घरी फोन कराल ना, तेव्हा जेवलात का, औषध घेतलं का, हे विचारून झालं की हेही एकदा विचारा.