पहिलं विमान : पुष्पक

फ्लाइट सिम्युलेटरसाठी स्वतः विमान बनवायचं ठरवलं, की सगळ्यात अवघड काम पहिल्याच दिवशी समोर येतं : कोणतं विमान? माझ्या बरोबरीचे सिम्युलेटरवाले राफेलच्या बाजूचे होते. दुसऱ्यांचा आग्रह एअर इंडियाच्या जुन्या जम्बोचा. मी निवडलं पुष्पक. नव्वद अश्वशक्तीचं एकच इंजिन, शेजारी-शेजारी दोन आसनं, आत न जाणारी चाकं आणि शेपटाखाली एक छोटं चाक. आज मागे वळून बघताना वाटतं, त्या निवडीतच अर्धं काम झालं होतं.

माझा सिम्युलेटर फ्लाइटगिअर. १९९७ पासून जगभरच्या हौशी लोकांनी मिळून घडवलेला हा ओपन सोर्स प्रकल्प. त्यातल्या कोणत्याही विमानाच्या फाइली उघडून बघता येतात, बदलता येतात. दुसऱ्यांची विमानं अशी उघडून बघताना लक्षात आलं, की यंत्रणा जितक्या जास्त तितकं काम वाढतं. जम्बोला चार इंजिनं, आत ओढली जाणारी चाकं, टप्प्याटप्प्याने उघडणारे फ्लॅप, हायड्रॉलिक्स, ऑटोपायलट. यातली प्रत्येक गोष्ट वेगळी लिहावी लागते आणि प्रत्येक बिघडू शकते. नवशिक्याचं विमान मग हँगरमध्येच राहतं.

लहान विमानांत तीन नावं माझ्या मनात होती. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपाल घेऊन कराचीहून जुहूला आणलं ते पुस मॉथ, हिंदुस्थान एअरक्राफ्टचं १९५१ चं एचटी-२ आणि त्याच कारखान्याचं पुष्पक. पुष्पककडे ओढा होता तो डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्यामुळे. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेला हा माणूस जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्याकडे शिकला. पंखाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराची कल्पना १९०४ मध्ये मांडणारे ते हेच प्रांटल. परत येऊन घाटग्यांनी बंगळूरला विमानांच्या आरेखनाचा विभाग उभा केला आणि एचटी-२, पुष्पक, कृषक, किरण अशी विमानं तिथून बाहेर पडली. आपल्याकडच्या शाळकरी मुलांना हे नाव माहीत नसतं, याची मला मनापासून खंत वाटते.

पण नुसत्या आपुलकीवर विमान उडत नाही, मोजमापं लागतात. इथे पुष्पकने हात दिला. २८ सप्टेंबर १९५८ रोजी पहिल्यांदा उडालेलं हे विमान अमेरिकेच्या एरॉन्का चीफवर आधारलेलं आहे. अमेरिकी विमानांची प्रमाणपत्र-माहितीपत्रकं सर्वांना खुली असतात. वजनाची मर्यादा, गुरुत्वमध्य कुठून कुठपर्यंत चालेल, टाकी कुठे, एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग किती अंश वर-खाली जातो, हे सगळं त्यात असतं. चीफच्या पंखाचा छेद ‘नाका ४४१२’ (NACA 4412) या प्रमाणित आकाराचा आहे. हे चार आकडेच आकार सांगतात : पंखाच्या रुंदीच्या चार टक्के बाक, तो पुढच्या कडेपासून चाळीस टक्क्यांवर सर्वांत जास्त, आणि जाडी बारा टक्के. पुष्पकचं इंजिन वेगळं, त्यामुळे नाकाचा भाग मी जुन्या फोटोंवरून मापं काढत बेतला.

फ्लाइटगिअरमध्ये विमानाची उड्डाणवृत्ती लिहायचे दोन प्रमुख मार्ग आहेत. जेएसबीसिमला वायुगतिकीचे गुणांक द्यावे लागतात. ते हाताशी नसतील तर यासिम बरा. त्याला पंख कुठे बसवलाय, किती लांब-रुंद आहे, किती अंशांनी कललाय, रिकामं वजन किती, इंजिन किती ताकदीचं, एवढं सांगायचं. शिवाय क्रूझचा वेग आणि उतरतानाचा वेग. यावरून तो उलट गणित करत उचल आणि अवरोध काढतो. दिलेले आकडे एकमेकांशी जुळत नसतील तर उत्तर सापडलं नाही असं स्वच्छ सांगून थांबतो. यासिमचा हा सडेतोडपणा मला फार आवडला. नव्वद अश्वशक्तीत जे होणार नाही, ते तो होऊ देत नाही.

म्हणून क्रम असा ठेवला : आधी उडवायचं, मग सजवायचं. ब्लेंडर या त्रिमितीय आकार घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीला केलेलं माझं पुष्पक म्हणजे एक लांबट खोकं आणि दोन फळ्या होत्या. ते सरळ उडायला लागल्यावरच धड नीट घडवायला घेतलं. पुष्पकच्या नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणून बसवलेलं असतं. पंखावरच्या कापडावर खालच्या फासळ्यांच्या रेषा उमटतात. त्या रेषा टेक्स्चरमध्ये उतरल्या आणि विमान खरं दिसू लागलं.

एलेरॉन हलवण्याचं काम मात्र सांगण्यासारखं आहे. जॉयस्टिक कलली की सिम्युलेटर वजा एक ते एक यांच्यामधला एक आकडा देतो. त्याला किती अंशांनी गुणायचं आणि कोणत्या रेषेभोवती भाग फिरवायचा, हे आपण लिहायचं. ती रेषा म्हणजे बिजागरी. तिच्या दोन टोकांचे निर्देशांक मीटरमध्ये द्यायचे. रेषा दोन बोटं जरी मागे गेली तरी एलेरॉन पंखापासून सुटून हवेत तरंगायला लागतो. डावा वर जाताना उजवा खाली यायला हवा. ब्लेंडरमध्ये भागाला दिलेलं नाव आणि फाइलमधलं नाव अक्षर न् अक्षर जुळायला हवं. हे सगळं जमून दोन्ही एलेरॉन पहिल्यांदा एकमेकांच्या उलट हलले, तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती जॉयस्टिक डावी-उजवी करत बसले होते.

आमच्या सोसायटीत एक काका राहतात. उमेदीच्या काळात त्यांनी एका फ्लाइंग क्लबात पुष्पकची देखभाल केली होती. त्यांना लॅपटॉप दाखवला. दिसण्याबद्दल ते काही बोलले नाहीत. म्हणाले, ‘‘अगं, जमिनीवर फारच शहाण्यासारखं चालतंय हे. पुष्पक असं नसतं. पायडलवरचे पाय झोपले की ते वळलंच म्हणून समज.’’

काकांचं म्हणणं भौतिकशास्त्राला धरून होतं. शेपटाखाली चाक असलेल्या विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. विमान जरासं वळलं की मागचं वजन पुढे यायला बघतं आणि वळण वाढत जातं. मी यासिममधलं वजन थोडं थोडं सरकवत गेले. गुरुत्वमध्य चाकांच्या फार जवळ आला तर ब्रेक लावताच विमान नाकावर जातं, फार मागे गेला तर शेपूट हटवादी होतं. माहितीपत्रकातल्या मर्यादेत नेमकी जागा सापडली. मग काकांनीच सिम्युलेटरमधल्या जुहूच्या धावपट्टीवरून उड्डाण केलं. पाय सारखे हलत होते. उतरल्यावर म्हणाले, ‘‘आता बरोबर आहे.’’

त्या तीन शब्दांनी मला एक गोष्ट पक्की पटली. विमानाचं मॉडेल म्हणजे नुसतं चित्र नसतं. विमान हाताला आणि पायाला कसं लागायचं, ही आठवण त्यात साठवता येते. पुष्पक सुमारे दीडशे बनली, देशभरच्या फ्लाइंग क्लबांत वैमानिकांची एक पिढी त्यांच्यावर शिकली. ती विमानं गेली आणि ती उडवणारे, राखणारे हातही आता थकत चाललेत.

म्हणून पहिलं विमान करायला घेणाऱ्यांना माझं सांगणं : लहान निवडा, ज्याची मापं मिळतील असं निवडा आणि जमलं तर आपल्याकडचं निवडा. एचटी-२ आहे, कृषक आहे. आणि तुमच्या ओळखीत कुणी या विमानांवर काम केलेलं असेल, तर कॉम्प्युटर सुरू करण्याआधी त्यांच्याकडे जाऊन बसा. त्यांचं लॉगबुक, फोटो स्कॅन करून घ्या, त्यांना बोलतं करा. फाइल पुढच्या वर्षीही लिहिता येईल, त्यांच्याशी बोलणं मात्र लांबणीवर टाकू नका.