खण ऑगस्टमध्ये उघडून बघावा

दिवाळीच्या आठवड्यात फर्निचरच्या दुकानात जा, प्रत्येक खण एका बोटाने उघडेल. पाऊस सरलेला असतो, पॉलिश ताजं असतं, दुकानदार सणाच्या मूडमध्ये असतो. रत्नागिरीत खणांचं कपाट या दिवसांत घेऊ नये असं माझं मत आहे. दिवाळी अंकात, तेही फर्निचरवाल्यानेच हे लिहावं म्हणजे धंद्यावर धोंडा, पण गिऱ्हाइकाने ऑगस्टमध्ये फोन करून ‘खण उघडत नाही हो’ म्हणण्यापेक्षा हे परवडलं.

आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत उरकतो. त्या काळात लाकूड हवेतली ओल पितं. जानेवारी-फेब्रुवारीत ज्या फळीत 12 टक्क्यांच्या आसपास ओल असते, तिच्यात ऑगस्टअखेर 18 टक्क्यांच्या घरात भरते. पॉलिशमुळे हे हळू होतं, थांबत नाही. फळी फुगते, पण सगळीकडून सारखी नाही. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीला, ती जवळजवळ तेवढीच राहते; वाढते ती रुंदीला. आता खणाची दर्शनी फळी डोळ्यांपुढे आणा. तिच्या रेषा आडव्या असतात, म्हणून खण डावी-उजवीकडे फुगत नाही, उंचीला फुगतो. आठ इंच उंचीची सागाची फळी पावसाळ्यात सुमारे 2 मिलिमीटर वाढू शकते. सुताराने वर फट ठेवली नसेल तर खण तिथेच आवळतो आणि आपण मात्र बाजूच्या पट्ट्या घासत बसतो. मी भरीव लाकडाच्या खणाला कोरड्या दिवसांत वर 3 मिलिमीटर जागा सोडतो. गिऱ्हाइकाला ती फट फिनिशिंगमधली कसूर वाटते. वाटू दे.

म्हणून दुकानात खण नुसता ओढून बघू नका, पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करा. तळाची पाटी खोबणीत सैल बसलेली हवी, चारही बाजूंनी खिळे ठोकून जखडलेली नको. भरीव लाकडाची असेल तर ती फुगताना फाटते किंवा खणाच्या बाजू ढकलते. प्लायची पाटी फारशी हलत नाही, तिला हा त्रास नाही. मग दर्शनी फळी आणि बाजू जिथे मिळतात तो कोपरा बघा. निमुळते दात एकमेकांत अडकवलेला डोव्हटेल सांधा असेल तर ओढण्याचा सगळा ताण ते दातच घेतात. नुसते खिळे असतील तर रोजच्या ओढाताणीत ते सैल होतात आणि एक दिवस मूठ आणि फळी हातात येते, खण आतच राहतो.

लाकडाचं म्हणाल तर साग पहिला, यात वाद नाही. त्याच्यातल्या तेलामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही आणि तो ओलीने कमी वाकतो. (थिबा पॅलेस दाखवायला नेलेल्या पाहुण्यांना मी हमखास सागाची गोष्ट सांगतो. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी ब्रह्मदेशातला साग तोडून नेत असे. ओंडक्यांचे पैसे बुडवल्याचा ठपका ठेवून थिबा राजाच्या दरबाराने तिला जबर दंड ठोकला, आणि तेच निमित्त करून इंग्रजांनी 1885 मध्ये राजाचं राज्य घेतलं. पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीला आणलं. 1910 मध्ये हा वाडा बांधून झाला आणि 1916 मध्ये राजा इथेच वारला. सागापायी माणसं काय काय करतात!) पण कोकणात राहून सागाच्याच मागे लागायचं कारण नाही. पिकलेल्या फणसाचं गाभ्याचं लाकूड वाळवीला दाद देत नाही. नवं असताना पिवळंधमक असतं, वर्षागणिक तपकिरी होत जातं आणि मला तरी ते सागापेक्षा देखणं वाटतं. शिवणीचं लाकूड हलकं आणि वाकत नाही, त्यामुळे खणांच्या आतल्या बाजूंना उत्तम. आंब्याचं स्वस्त मिळतं, पण त्याला कीड लवकर लागते. पॅकिंगच्या खोक्यांना ठीक. जुनं घर उतरवल्यावर निघालेल्या तुळया आणि दारं मिळाली तर सोडू नका. ते लाकूड कित्येक पावसाळे बघून स्थिरावलेलं असतं. फक्त करवतीखाली घालण्याआधी खिळे शोधून काढावे लागतात, नाहीतर पात्याचं वाटोळं.

भरीव लाकूड परवडत नसेल तर प्लाय घ्या, त्यात कमीपणा नाही. पण शिक्का बघा. आयएस 710 म्हणजे मरीन प्लाय, तो आपल्या हवेत टिकतो. पार्टिकल बोर्ड मात्र घेऊ नका. कडेची पट्टी जरा सुटली की ओल आत शिरते, भुसा फुगतो आणि स्क्रू धरतच नाही. ऑनलाइन फोटोत तो आणि प्लाय ओळखता येत नाहीत, हीच पंचाईत.

लोखंडाचाही विचार करावा लागतो. मांडवी, मिऱ्या, भाट्ये या बाजूच्या घरांत खारी हवा थेट येते. तिथे साधे चॅनेल दोन-तीन पावसाळ्यांत गंजून करकरायला लागतात. स्टेनलेस स्टीलचे घ्या, नाहीतर सरळ लाकडी पट्ट्यांवर खण चालू द्या आणि वर्षातून एकदा त्यांच्यावर मेणबत्ती घासा. स्क्रू पितळी. कुवारबाव, नाचणे अशा आतल्या बाजूला थोडी ढिलाई चालते.

एवढं झालं की मग खोली. बहुतेक जण जागा मोजतात ती कपाट बंद असतानाची. कपाट 18 इंच खोल असेल तर खणही जवळपास तेवढाच बाहेर येणार आणि त्याच्यापुढे वाकायला माणूस हवा. म्हणजे भिंतीपासून पलंगापर्यंत निदान साडेतीन-चार फूट लागतात. तेवढे नसतील तर रुंद कपाटाऐवजी उंच, अरुंद कपाट घ्या आणि खण उथळ ठेवा. पैठणी आणि शालू खालच्या खणात, रुमाल-मोजे वर. जुन्या घरात माडीवर न्यायचं असेल तर जिन्याचं वळण आणि दाराची उंची आधी मोजून या. कपाट पोचवायला चार माणसं आली आणि जिन्यातच अडकली, असे तमाशे या शहरात दर मोसमात होतात.

भिंत कोणती हे त्याहून महत्त्वाचं. आपला पाऊस नैऋत्येकडून झोडपतो. जांभ्याच्या चिऱ्याच्या घरात ती बाहेरची भिंत सप्टेंबरपर्यंत ओलसर राहते आणि तिला टेकवलेल्या कपाटाच्या पाठीवर बुरशीचा पांढरा थर येतो. आतली भिंत निवडा, दोन-तीन इंच अंतर सोडा. पाय पाच-सहा इंच उंच हवेत. खाली केरसुणी फिरते, आणि वाळवीची मातीची वाट वर चढताना दिसते, ती दिसणं महत्त्वाचं. जमिनीपर्यंत बंद असलेली कपाटं दिसायला भारदस्त, पण खाली काय चाललंय ते कळत नाही.

घरात लहान मूल असेल तर कपाट भिंतीला बांधा. मुलं उघड्या खणांच्या पायऱ्या करून चढतात आणि सगळं अंगावर येतं. अमेरिकेत अशा अपघातांत मुलं दगावल्यावर 2016 मध्ये आयकियाने सुमारे 2 कोटी 90 लाख कपाटं परत मागवली आणि 2022 मध्ये तिथे त्यासाठी कायदाच झाला. आपल्याकडे अडचण जांभ्याची आहे. चिरा सच्छिद्र असतो, प्लग कधी कधी पोकळीत फिरतच राहतो. थोडं इकडे-तिकडे सरकून घट्ट जागा सापडेपर्यंत दुसरं भोक पाडायला कंटाळू नका.

राहता राहिली चाकरमान्यांची घरं. गणपतीला उघडतात, शिमग्याला उघडतात, बाकी कुलूप. अशा घरासाठी नवं कपाट करून द्या म्हणून दरवर्षी कुणीतरी येतं आणि मी सहसा नाही म्हणतो. बंद घरात हवा खेळत नाही. खण कितीही चांगला केला तरी आतल्या चादरींना कुबट वास येणार आणि दोष सुताराला. कपडे मुंबईला न्या, राहिलेलं अंथरूण-पांघरूण उन्हात खडखडीत वाळवून वेखंडाच्या तुकड्यांसकट पत्र्याच्या ट्रंकेत घाला, ट्रंक विटांवर ठेवा. कपाटाचे वाचलेले पैसे कौलं चाळायला वापरा.