विहिरीचा प्रश्न

बत्तीस वर्षे आम्ही वसईतील एका शाळेत विज्ञान शिकवले. त्या काळात किती उत्तरपत्रिका तपासल्या याची गणती नाही. परंतु एका विद्यार्थ्याने विचारलेला आणि आम्ही उत्तर न देता परतवलेला एक प्रश्न अजूनही मनातून जात नाही. आपली मुले विज्ञानाच्या व अभियांत्रिकीच्या उच्च शिक्षणाकडे मनापासून का वळत नाहीत, अशी चर्चा धर्मग्रामातील पालकसभांत अधूनमधून होते. दोष कधी मुलांना दिला जातो, कधी दूरदर्शन संचाला, तर अलीकडे मोबाइलला. अशा वेळी आम्ही गप्प बसतो. आमच्या मौनाचे कारण आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

१९९१ सालचा जून महिना. शाळा नुकतीच उघडली होती. नववीतील एक मुलगा मधल्या सुट्टीत आमच्याकडे आला आणि म्हणाला, “सर, मे महिन्यात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. आजोबा म्हणतात, रहाट होता तोवर असं कधी झालं नव्हतं. मोटार बसवल्यावर पाणी खारं का होतं?” त्याच्या घरी केळीची वाडी होती, नागवेलीचे पानमळे होते. त्या विहिरीवर सारे घर जगत होते. प्रश्न पुस्तकी नव्हता. पोटातून आलेला होता.

आम्हाला उत्तर ठाऊक नव्हते. ते कबूल करण्याचा मोठेपणाही आमच्यापाशी नव्हता. आम्ही म्हणालो, “हे अभ्यासक्रमात नाही. आधी दहावीचं बघ.” मुलगा मान हलवून निघून गेला. पुढच्या विज्ञान दिनी शाळेत प्रदर्शन भरले. थर्माकोलच्या ज्वालामुखीला पहिले पारितोषिक मिळाले आणि त्याची माहिती मुलांनी पोपटासारखी घडाघडा म्हणून दाखवली. विहिरीवाला मुलगा खुर्च्या लावत होता. दहावीला उत्तम गुण मिळवून त्याने वाणिज्य शाखा घेतली आणि पुढे चर्चगेटच्या एका कचेरीत तो रुजू झाला. त्या नोकरीत कमीपणा काहीच नाही. पण एका जिज्ञासू मुलासाठी उघडू पाहणारे दार आम्ही आमच्या हाताने लोटले होते.

राष्ट्रीय विज्ञान दिन २८ फेब्रुवारीला पाळला जातो, कारण १९२८ साली त्या तारखेला रामन परिणामाचा शोध लागला. तो लागला कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली ती स्थापन केली, तेव्हा त्यांच्या पाठीशी खंबीरपणे उभे राहिले ते सेंट झेवियर्स महाविद्यालयातील बेल्जियन येशूसंघीय फादर यूजीन लाफों. हे फादर प्रयोग दाखवीत विज्ञानावर जाहीर व्याख्याने देत. त्यांच्या वर्गात भौतिकशास्त्राची गोडी लागलेला एक विद्यार्थी म्हणजे जगदीशचंद्र बोस. फादरांच्या नावावर मोठा शोध नाही; परंतु मुलांच्या डोळ्यांसमोर प्रयोग उभा करणे हे काम त्यांनी जन्मभर केले. तरुणांना विज्ञानाकडे ओढणारी वाट पगाराच्या आकड्यांतून जात नाही, ती अशा प्रत्यक्ष पाहण्यातून जाते. हे आम्हाला फार उशिरा उमगले.

निवृत्तीनंतर सवड मिळाली, तेव्हा विहिरीचे उत्तर आम्ही शोधले. ते शंभर वर्षांपूर्वीच दिले गेले होते! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बादोन घायबेन या डच लष्करी अधिकाऱ्याने आणि १९०१ साली हर्झबर्ग या जर्मन अभियंत्याने ते स्वतंत्रपणे मांडले. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड असते. म्हणून किनारपट्टीच्या जमिनीखाली पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर सपाटीखाली गोड्या पाण्याचा थर सुमारे चाळीस फूट असतो. वरची पातळी एक फूट खाली गेली, की खालचे खारे पाणी कालांतराने चाळीस फूट वर सरकू पाहते. रहाट सावकाश पाणी काढी. त्याच्या पोहऱ्यांना मर्यादा होती. मोटारीला ती नाही. आजोबांचे निरीक्षण अगदी बरोबर होते. त्यांना हवा होता तो त्या निरीक्षणामागचा हिशेब, आणि तो नववीच्या मुलालाही समजण्यासारखा होता.

आपल्याकडे अभियांत्रिकीच्या जागांची वाण राहिलेली नाही. १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि पदवी पुष्कळांच्या आवाक्यात आली. परंतु पदवी मिळवणे निराळे आणि विद्येची ओढ लागणे निराळे. शेजारच्याचा मुलगा गेला म्हणून आपलाही गेला, असे झाले की दुसऱ्याच वर्षी विषय राहू लागतात आणि घरात अबोला सुरू होतो. अशी घरे आम्ही पाहिली आहेत.

दुसरी अडचण भाषेची. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेले मूल अकरावीत जाते आणि ‘त्वरण’ एका रात्रीत ‘ॲक्सिलरेशन’ होते. मुलाला वाटते, आपली बुद्धीच कमी. मुंबईत १९७४ साली सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत काम केले. भाषेचा अडसर दूर केला की मुलांची समज वाढते, हे त्या केंद्राच्या कार्यातून दिसून आले. आपल्या धर्मग्रामांत अभियंते आहेत, प्राध्यापक आहेत. त्यांनी अकरावीच्या मुलांना पहिले सहा महिने आठवड्यातून एक संध्याकाळ दिली, तरी कितीतरी मुले तगतील.

मुलींविषयी तर अधिक बोलायला हवे. विज्ञान घेतलेल्या मुलीला आपण परिचर्येचा मार्ग दाखवतो. ती सेवा थोरच आहे. पण एवढी एकच वाट का? १९३३ साली कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. त्या हटून बसल्या, अटींवर प्रवेश मिळवला आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. घेऊन आल्या. पुढे त्यांनी नीरेतील पोषक द्रव्यांचा अभ्यास केला. ताडामाडांच्या सावलीत वाढलेल्या आपल्या मुलींना ही गोष्ट कुणी सांगितली आहे काय?

गेल्या वर्षी एका लग्नात विहिरीवाला मुलगा भेटला. आता तो मुलगा कसला, कानशिले पिकलेला गृहस्थ! आमचे हात हाती घेऊन त्याने हसत विचारले, “सर, त्या विहिरीचं उत्तर मिळालं का हो?” आम्हाला घास गिळवेना. वाडी विकून त्याला बरीच वर्षे झाली होती. मग थोडे थांबून तो म्हणाला, “माझी मुलगी बारावीला आहे. भूगर्भशास्त्र घ्यायचं म्हणते, पाण्याचा अभ्यास करायचा म्हणते. घरचे म्हणतात, त्यात नोकरी कुठे आहे? तुम्ही एकदा तिच्याशी बोला.”

पुढच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर आम्ही त्याच्या घरी गेलो. भाषण केले नाही. काचेच्या पेल्यात मीठपाणी घेतले आणि बिटाच्या रसाने किंचित रंगवलेले गोडे पाणी चमच्याच्या पाठीवरून अलगद त्यावर सोडले. दोन थर स्पष्ट दिसू लागले. मग तिला नळी दिली आणि सांगितले, “टोक वरच्या थरातच धर. आधी हळू ओढ, मग जोरात.” हळू ओढले तेव्हा पाणी गोडे लागले. जोरात ओढताच तिने तोंड वाकडे केले. खालचे खारे पाणी वर आले होते. बाप पेल्याकडे पाहतच राहिला. शेवटी म्हणाला, “एवढंच होतं, सर?”

होय, एवढेच होते. एक पेला, मूठभर मीठ आणि दहा मिनिटे. १९९१ साली ती आम्ही दिली नाहीत.

मग तिघे मिळून प्रवेशपरीक्षांची माहितीपत्रके वाचीत बसलो. २००६ साली पुण्यात सुरू झालेली आयसर संस्था, २००८ पासूनची केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती, यांची नावेही त्या घरात प्रथमच उच्चारली जात होती. नोकरीची हमी आम्ही दिली नाही. ती कुणी देऊही नये. मुलीचा निर्णय अजून व्हायचा आहे आणि घरच्यांची काळजी रास्त आहे. मात्र निघताना तिने आणखी एक प्रश्न विचारला, “सर, पावसाचं पाणी पुन्हा विहिरीत सोडलं, तर खारं पाणी किती वर्षांत खाली जाईल?”

या वेळी आम्ही सांगितले, “मला ठाऊक नाही, बाळ. चल, शोधू या.”