उलट्या रेघा

कौतुकाने सांगितल्या जाणाऱ्या कित्येक गोष्टी नीट निरखून पाहिल्या, तर त्या वस्तुतः शरमेच्या ठरतात. अमेरिकेतील कृष्णवर्णीय वास्तुविशारद पॉल विल्यम्स याची गोष्ट अशांपैकीच एक. गोऱ्या गिऱ्हाइकाला आपल्या शेजारी बसण्याचा संकोच वाटू नये, म्हणून हा गृहस्थ टेबलाच्या पलीकडे बसे आणि समोरच्याला सुलट दिसेल असे घराचे चित्र उलट्या बाजूने रेखाटीत असे!

त्याचा जन्म १८९४ साली लॉस एंजेलिस येथे झाला. बालपणीच तो पोरका झाला. गोरे तुला काम देणार नाहीत आणि तुझ्या लोकांजवळ घरे बांधण्यास पैसा नाही, असे शाळेतील गुरुजींनीच त्याला बजावले होते. तरीही १९२३ साली अमेरिकन वास्तुविशारदांच्या संस्थेचा तो पहिला कृष्णवर्णीय सभासद झाला. त्याने आखलेले कित्येक बंगले ज्या वस्त्यांत उभे राहिले, तेथे त्याला स्वतःला घर घेण्याची मुभा नव्हती. संस्थेचे सुवर्णपदक त्याला मिळाले ते २०१७ साली, मृत्यूनंतर ३७ वर्षांनी.

वर्गात मी ही हकीकत सांगितली, तेव्हा मुलांनी वाहवा केली. बीडीडी चाळीत वाढलेला एक विद्यार्थी तेवढा गंभीर राहिला. “सर, त्याच्या शेजारी कुणी खुर्ची का ओढून घेतली नाही?” एवढेच त्याने विचारले.

या मुलाला वास्तुविद्याच शिकावयाची होती. परंतु तो अभ्यासक्रम पाच वर्षांचा. फीशिवाय कागद, प्रतिकृती यांचा खर्च निराळा. तीन वर्षांत हाती पडेल ती पदवी घे, असे वडील म्हणाले, आणि तो माझ्या वर्गात आला. तासानंतर त्याने फळ्यावर आपली १६० चौरस फुटांची खोली काढून दाखविली. दिवसा शिवणयंत्र कोठे असते, रात्री तेथेच आजीचे अंथरूण कसे पडते, मजल्यावरच्या सामायिक नळाशी भांडण केव्हा होते आणि केव्हा मिटते, हे सारे त्या चार रेघांत होते. असे ज्ञान मोजपट्टीने मिळत नाही.

१९६८ साली व्हिटनी यंग या पुढाऱ्याने अमेरिकन वास्तुविशारदांच्या अधिवेशनात त्यांच्या मौनाबद्दल त्यांची तोंडावर कानउघाडणी केली. पुढे १९७१ साली बारा कृष्णवर्णीय वास्तुविशारदांनी स्वतःची संघटना स्थापिली. ती आज शाळकरी मुलांसाठी सुटीत शिबिरे भरविते आणि त्यांच्या हाती पेन्सिल देते.

आपल्या वास्तुविद्यालयांनी हे का करू नये? आठवी-नववीतल्या मुलांना बोलवावे, त्यांच्या चाळीचे, वस्तीचे नकाशे त्यांच्याकडूनच काढून घ्यावेत, आणि पुढे पाचही वर्षे पुरेल अशी शिष्यवृत्ती द्यावी. यात उपकार कसला? ज्यांनी कधी नळावर रांग लावली नाही, त्यांनीच सारे शहर आखले, तर नुकसान शहराचेच आहे.

तो विद्यार्थी यंदा पदवीधर होईल. त्याची धाकटी बहीण नववीत आहे आणि वहीच्या समासात घरे काढीत बसते, असे तो सांगत होता. तिला तरी उलट्या रेघा काढावयास शिकावे लागू नये.